पहिली रांग, तिसरी रांग

आमच्या गावातल्या गणपती मंडळाच्या मांडवात बसायची एक पद्धत आहे. पहिल्या रांगेत पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या. तिथे नगरसेवक, सोसायटीचे चेअरमन, फौजदार साहेब. दुसऱ्या रांगेत मोठी वर्गणी देणारे. तिसऱ्या रांगेत कलाकारांच्या घरचे लोक. त्यामागे सगळं गाव, सतरंजीवर.

मी लहानपणीची सहा-सात वर्षं तिसऱ्या रांगेत बसले, कारण माझे वडील, आप्पा, कलाकार होते. म्हणजे एरवी ते पाटबंधारे खात्यात कारकून होते. पण गणपतीच्या सातव्या दिवशी रात्री साडेनऊला ते हास्यकवी व्हायचे. झब्बा, खांद्यावर शबनम, हातात डायरी. डायरी नुसती धरायला, कविता सगळ्या पाठ होत्या.

त्यांची हुकमी कविता 'बायको'. बऱ्याच चार-चार ओळींची माळ होती ती. त्यातल्या या चार ओळी आजही गावात कुणालाही म्हणायला सांगा:

लग्नात होती जुईची कळी,
दहा वर्षांत झाली गोणी;
वजनकाटा हात जोडून म्हणे,
'एका वेळी एकच या हो कोणी!'

वजनकाट्याचा हा विनोद आप्पांच्या आधीपासून गावोगाव फिरत असणार, हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा मात्र वाटायचं, हे जगात फक्त आप्पांनाच सुचू शकतं. मांडव हसून लोळायचा. आणि मग दोनशे माना एकदम वळायच्या, तिसऱ्या रांगेकडे. माझ्या शेजारी आई बसलेली असायची. पदराचं टोक तोंडाला लावून तीही हसत असायची.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. आमच्याकडे सगळे बघतात याचा मला केवढा अभिमान! दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात कुणीतरी हमखास म्हणायचं, "वहिनी, साखर किती? की काट्याला विचारू?" आई तेव्हाही हसायची. गावात तिला नाव नव्हतं. ती 'कवितेतली बायको' होती.

*

आता आप्पांच्या बाजूनंही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की ते कुणी दुष्ट गृहस्थ होते. उलट, घरात ते आईला अर्धा शब्द वर बोलत नसत. कवितेवर त्यांचं खरं प्रेम होतं. अत्र्यांची 'झेंडूची फुले' आणि पाडगावकरांच्या 'वात्रटिका' ही दोन पुस्तकं आमच्याकडे देवघराशेजारच्या फळीवर असत.

स्टेजवरची विनोदी कविता कशी चालते, हे मी त्यांच्याकडून शिकले. चार ओळी म्हणजे जिना, असं ते म्हणायचे. पहिली ओळ ओळखीची हवी, म्हणजे माणूस बेसावध पाय टाकतो. दुसरी ओळ तेच पुढे नेते. तिसऱ्या ओळीवर थांबायचं, श्वास घ्यायचा, मांडवभर नजर फिरवायची. चौथी पायरी तिथे नसतेच. माणूस पडतो आणि हसतो. यमक आधीच कानात वाजत असतं, 'गोणी' म्हटल्यावर कानाला 'कोणी' किंवा 'लोणी' हवं असतं, आणि ते नेमकं भलत्याच ठिकाणाहून येतं. म्हणून गद्यात सांगितलेला विनोद दुसऱ्यांदा शिळा होतो, पण यमकातला विनोद लोक पाठ असूनही पुन्हा मागतात.

डायरीत दुसऱ्याही कविता होत्या. पाण्याच्या टँकरवर एक होती, फार चांगली. टँकर आधी कुणाच्या बंगल्यातल्या हौदाकडे जातो आणि उरलेलं पाणी वस्तीत कसं येतं, यावर. एका वर्षी आप्पांनी ती म्हणायचं ठरवलं. कार्यक्रमाआधी मंडळाचे अध्यक्ष मांडवामागे आले. मी तिथेच आप्पांचा हार धरून उभी होते. अध्यक्ष अगदी प्रेमानं म्हणाले, "कवी, टँकरचं राहू द्या. पहिल्या रांगेत कोण बसलंय बघा. डेकोरेशन त्यांच्याकडनं आहे. तुमची 'बायको' घ्या, बायको! पब्लिक तिच्यासाठीच आलंय."

आप्पांनी 'बायको' घेतली. मांडव हसला.

त्या रात्रीचा अर्थ मला पंधरा वर्षांनी लागला. आप्पांची कविता निघाली होती पहिल्या रांगेकडे. तिथे जायला बंदी होती, म्हणून ती तिसऱ्या रांगेवर पडली. तिथे बसलेलं माणूस वर्गणी देत नव्हतं, बदली करू शकत नव्हतं, आणि कार्यक्रम संपल्यावर घरी जाऊन कवीला गरम पोळी वाढणार होतं.

*

आई-आप्पांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी कॉलेजात होते. गच्चीवर छोटा कार्यक्रम होता. मांडव, आचारी, दीडेकशे माणसं. जेवणाआधी लोकांनी फर्माईश केली, 'बायको' झालीच पाहिजे. आप्पांनी म्हटली. काट्याच्या ओळीवर सगळी गच्ची हसली. मग आत्या म्हणाली, "आता वहिनी, उखाणा घ्या. पंचवीस वर्षांचा जोरदार पाहिजे."

आईनं नेहमीसारखे आढेवेढे घेतले नाहीत. उभी राहिली. पदर तोंडाला लावला नाही, खांद्यावर नीट घेतला. आणि म्हणाली,

काट्यावर मला चढवलं, सारं गाव हसलं,
दोन बाळंतपणांचं वजन कवितेत नाही बसलं;
टाळ्या घेतल्या यांनी, मी घेते यांचं नाव,
माझं नाव काय, सांगेल का हे गाव?

('यांनी' म्हणाली तिथे तिनं आप्पांचं नाव घेतलं होतं. उखाणा होता शेवटी.)

आधी शांतता. मग कोपऱ्यातून मावशीचं हसू फुटलं, मग आजीचं, मग सगळ्या बायकांचं. पुरुष शेवटी हसले, आणि हसताना आप्पांकडे बघत होते. बघण्याची दिशा पहिल्यांदाच बदलली होती. आप्पाही हसले. पण मी त्यांच्याजवळ उभी होते. त्यांनी हात तोंडासमोर धरला होता. तीच पदराची जागा.

रात्री सगळे गेल्यावर आप्पा सतरंज्या गुंडाळत म्हणाले, "यमक चोख होतं तुझं."

आई म्हणाली, "पंचवीस वर्षं ऐकतीय. एवढं तर येणारच."

मग बराच वेळानं आप्पांनी विचारलं, "तुला वाईट वाटायचं?"

"विचारलं कधी होतं तुम्ही?"

"पण तू हसायचीस की."

"मग काय करणार होते? सगळा मांडव बघत होता."

*

त्यानंतर मी विनोदी कवितेकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. साहित्याची विद्यार्थिनी होते, त्यामुळे वाचायला निमित्तही होतं. प्रत्येक कवितेला मी एकच प्रश्न विचारायचे. ही कविता मांडवातल्या कुठल्या रांगेकडे बघतेय?

सगळ्यात आधी हाताला लागली भोंडल्याची गाणी. आईनं लहानपणी म्हटलेली, मीही पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरत म्हटलेली. त्यातलं कारल्याचं गाणं तुम्हाला माहीत असेल. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. मग वेल येऊ दे, मग कारलं लागू दे, मग भाजी कर, मग खा, मग भांडी घास. परवानगी मिळतच नाही. सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फाइल फिरते ना, तशी सून फिरते. लहानपणी यातला फक्त ताल कळला होता. मोठेपणी कळलं की ही चक्क पहिल्या रांगेवरची टीका आहे. घरातली सगळ्यात मोठी सत्ता म्हणजे सासू, आणि तिच्यासमोर, तिच्याच अंगणात, खिरापतीच्या आशेनं जमलेल्या पोरी तिची नक्कल करतायत. कुणी रागावलं तर म्हणायचं, गाणंच आहे हो.

मग एकनाथ. सोळाव्या शतकातला, पैठणसारख्या कर्मठ गावात राहणारा विद्वान माणूस. त्यांच्या भारुडांत बोलतं कोण? जोशी, महार, विंचू चावलेला माणूस, आणि सासरी गांजलेली बाई. त्या बाईचं भारुड तर आजही कीर्तनात, वारीत, गॅदरिंगमध्ये होतं. ती देवीला नवस बोलते, की सासरच्या एकेकाला उचलून ने आणि मला एकटी राहू दे. अध्यात्मात त्याचा अर्थ वेगळा आहे. सासू, नणंद, नवरा ही सगळी संसाराची बंधनं, त्यातून जिवाला मोकळं कर, असं ते मागणं आहे. पण समोर बसलेल्या बाया त्या अर्थापर्यंत पोचायच्या आधीच हसतात, आणि काय हसतात! कारण त्यांच्या मनातलं कुणीतरी माइकवर बोललेलं असतं. नाथांनी बाईवर कविता केली नाही. ते बाई झाले आणि बोलले. आप्पांची कविता आणि हे भारुड, दोन्हींत बायको आहे, सासर आहे, हशा आहे. फरक एवढाच की एकीत बायकोला तोंड आहे.

अत्र्यांकडे मी मग आप्पांच्या फळीवरूनच गेले. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झालं होतं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश या मंडळींचा तो जमाना. कवितेत हुरहुर, विरह, प्रेमाची नाजूक भाषा. दोनच वर्षांत, १९२५ला, प्रल्हाद केशव अत्रे 'केशवकुमार' या नावानं 'झेंडूची फुले' घेऊन आले. नावातही गंमत आहे. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, त्यांचे वडील केशव. अत्र्यांचेही वडील केशव. एक सुत, दुसरा कुमार, अर्थ एकच. 'परिटास' या कवितेत अत्र्यांनी विरहाची सगळी आर्त भाषा घेतली आणि ती कपडे घेऊन गायब झालेल्या धोब्याला लावली. हसू येतं ते धोब्याचं नाही. 'तू परत कधी येशील' असं उसासे टाकत म्हणणाऱ्या कवीचं येतं. त्या काळी साहित्याच्या मांडवात पहिल्या रांगेत हेच कवी बसले होते.

आणि दुसरी गोष्ट. विडंबन करायला मूळ कविता हाडामासांत मुरावी लागते. तिचं वृत्त, तिचे लाडके शब्द, ती कुठे श्वास घेते, सगळं. अत्रे स्वतः गडकऱ्यांना गुरू मानणारे, गंभीर कविताही लिहिणारे. ज्याला कविता आवडत नाही त्याला तिची टिंगल करता येईल, विडंबन करता येणार नाही. अत्र्यांची जीभ पुढे राजकारणात किती धारदार झाली आणि तिनं किती जणांना घायाळ केलं, तेही खरंच आहे. म्हणून मी त्यांना साधुसंत करत नाही. पण या पुस्तकात त्यांचा नेम कुठे आहे, हे बघण्यासारखं आहे.

आणि शेवटी पाडगावकर. 'वात्रटिका' हे नाव घराघरांत गेलं ते त्यांच्यामुळे. पण मला धक्का दिला तो त्यांच्या 'सलाम'नं. संग्रह १९७८चा, त्याला १९८०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातल्या 'सलाम' या कवितेत एक माणूस ज्याच्या त्याच्यासमोर सलाम ठोकत जातो. दिसेल त्या सत्तेला, दिसेल त्या दंडुक्याला. वाचताना आधी हसू येतं, मग कमी होत जातं, मग घसा कोरडा पडतो. कारण तो सलाम करणारा 'मी' आहे. कवी स्टेजवरून उतरून आपल्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसतो आणि म्हणतो, मी भ्यालोय, आणि तूही.

हे सगळं वाचून मी फार शहाणी झाले होते. असं मला वाटत होतं.

*

नोकरीला पुण्यात आले. खोलीत एक मुलगी होती, यवतमाळकडची. स्वभावानं इतकी मोकळी की पहिल्याच दिवशी तिनं मला डब्यातला ठेचा दिला आणि गावातल्या बारा जणांची नक्कल करून दाखवली. तिची बोली मला भारी आवडायची. आणि मी तेव्हा चारोळ्यांच्या रील करायला लागले होते. आप्पांचा जिना मला पाठ होताच. एका रात्री मी हे टाकलं:

विदर्भाची रूममेट माझी, अजब तिची वाणी,
'जेवून राहिली, झोपून राहिली' हीच एक कहाणी;
भाड्याची तारीख आली की म्हणते कशी राणी,
'देऊन राहिली ना मी!' आणि खिशात नसतात नाणी!

तिसऱ्या ओळीनंतर थांबले, श्वास घेतला, कॅमेऱ्यात बघितलं. दोन दिवसांत ४० हजार व्ह्यूज. त्याआधी माझी सगळ्यात मोठी रील होती नऊशेची. माझ्या मॅनेजरवर, आमच्या घरमालकावर मी कधी रील केली नव्हती. का, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

मी तिला स्वतःच दाखवली. ती हसली. "भारी केलीस," म्हणाली.

पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की खोलीत काहीतरी कमी आहे. आधी कळेना काय. मग कळलं. ती 'राहिली' म्हणत नव्हती. 'मी जेवतेय', 'मी निघतेय', असं मोजून-मापून, शाळेच्या पुस्तकातलं बोलत होती. घरचा फोन आला की गॅलरीत जायची, दार ओढून घ्यायची, आणि काचेपलीकडून तिचं हसणं, बोलणं, 'राहिली-राहिली' पुसट ऐकू यायचं. तिनं आपली भाषा माझ्यासमोरून उचलून गॅलरीत नेऊन ठेवली होती. नकलाही बंद झाल्या होत्या.

आणि भाडं? एकदाच थकलं होतं. त्या महिन्यात तिच्या घरच्या कापसाचे पैसे यायचे होते, आणि तिनं पगारातले बरेचसे गावी पाठवले होते. हे मला माहीत होतं. यमकात ते बसलं नाही.

मी रील काढून टाकली. तिला म्हटलं, "सॉरी, मी चुकले." ती म्हणाली, "अगं, मी हसले ना?"

ते वाक्य ऐकलं आणि मला मांडव दिसला. तिसरी रांग दिसली. ज्याच्यावर विनोद झालाय तो हसला, म्हणजे त्याला तो मान्य आहे, असा आपण सोयीचा अर्थ काढतो. पण सगळे बघत असताना त्याच्याकडे दुसरं करण्यासारखं काय असतं? रडला तर रडका, रागावला तर 'जोक कळत नाही'. हसणं हाच त्यातल्या त्यात अब्रू वाचवायचा रस्ता. आईनं पदर तोंडाला का लावला होता, ते मला चाळीस हजार व्ह्यूज मिळवून कळलं.

काही महिन्यांनी एका सकाळी गीझर बंद पडला आणि ती बाथरूममधून ओरडली, "अगं, थंडगार पाणी येऊन राहिलं!" मी बाहेर चहा गाळत होते. काही बोलले नाही. हसलेही नाही. पण त्या दिवशी चहा फार चांगला झाला.

*

आप्पांचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. उखाण्यानंतरच्या गणपतीत त्यांनी 'बायको' म्हटली नाही. लोकांनी आरडाओरडा केला. त्यांनी नवीन काही म्हणून बघितलं, पण त्याला जेमतेम हशा आला. पुढच्या वर्षी मंडळानं ऑर्केस्ट्रा आणला. शाल, नारळ आणि पाकीट, तिन्ही बंद. आप्पांना त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. मी हे गोड करून सांगणार नाही. टाळ्यांची सवय सुटणं सोपं नसतं, आणि चांगलं वागल्याबद्दल मांडव टाळ्या देत नाही.

निवृत्त झाले तेव्हा ऑफिसच्या निरोप समारंभात त्यांनी पुन्हा एकदा माइक हातात घेतला. समोर पहिल्या रांगेत साहेब होते. तिसऱ्या रांगेत आई आणि मी. डायरी आणली नव्हती. म्हणाले,

साहेबांपुढे वाकत आलो,
पुढाऱ्यांपुढे झुकत आलो,
घरात शिरता शूर झालो,
बायकोपुरता कवी झालो!

साहेब थोडेसे हसले, कारण त्यांना नेमकं किती हसावं ते कळेना. कारकून मंडळी साहेबांकडे बघून तेवढंच हसली. मोठ्यानं हसली ती एकटी आई. दोनशे माना वळल्या नाहीत, कुणी तिच्याकडे बघितलंही नाही. मी बघितलं. पदर जागच्या जागी होता.

हा लेख लिहिल्यावर मी आईला फोनवर वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकलं तिनं. मग म्हणाली, "माझं नाव घातलं नाहीस?"

मी म्हटलं, "विचारायलाच फोन केलाय. घालू?"

थोडा वेळ विचार करून म्हणाली, "नको, राहू दे. ज्याला पाहिजे तो येऊन विचारेल. तेवढं चालून आला, तर सांगेन."